वर चाल, शेवटी नाव. पण पैसे कुणाला?

त्रिपुरारी पौर्णिमा जवळ आली, जत्रांचे मांडव उभे राहू लागले की सिंधुदुर्गात एक वाद दरवर्षी नव्याने डोकं वर काढतो. दशावतारी नाटकाचं मोबाईलवर चित्रण करू द्यायचं की नाही? काही मंडळं नाटक उभं राहण्याआधी माइकवरून विनंती करतात, की पूर्ण प्रयोग चित्रित करून नेटवर टाकू नका. त्यावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ही उघड चोरी आहे, मोबाईल काढून घ्या. दुसरा म्हणतो, धयकालो म्हणजे दशावतार देवाचा, जत्रा गावाची, आख्यानं पुराणातली. अडवणारे तुम्ही कोण? डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, भजनांत हाच वाद आहे आणि रत्नागिरीकडे दोन पार्ट्यांच्या सवाल-जवाबांच्या शक्ती-तुऱ्याच्या नाचातही आहे. दोन्ही तट पोटतिडकीने बोलतात. पण त्या व्हिडिओवर मिळणारे पैसे कुणाच्या खात्यात जातात, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात क्वचित येतो.

माझं मत आधीच सांगतो. नाटक, भजन, नाच लोकांनी एकमेकांना पाठवावं, जपून ठेवावं, शिकायला वापरावं. ते अडवू नये आणि अडवता येणारही नाही. पण ज्या क्षणी त्या व्हिडिओवर जाहिरात चढते आणि उत्पन्न सुरू होतं, त्या क्षणी कलाकाराचा हिस्सा ठरलेला असला पाहिजे. कॉपीराइटवरच्या आपल्या चर्चेत ‘चोरी’ आणि ‘फुकट’ हे दोनच शब्द फिरत राहतात आणि हिशेब बाजूला पडतो.

जत्रेतलं नाटक एकदा या नजरेने पाहा. रंगमंचावर एक बाकडं असतं, त्यावर चादर टाकली की ते सिंहासन. मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग, झांज. देवळाच्या पडवीत दिव्याखाली प्रत्येक नट आपापली ट्रंक उघडून आरशात बघत स्वतःच रंग लावतो. साडी नेसून राणी होणाऱ्या पुरुषाला मदतीला माणूस असतोच असं नाही. गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, संकासुर असा पूर्वरंग होतो आणि मग आख्यान सुरू होतं. संहिता लिहिलेली नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, आणि राजाने प्रधानाला काय बोलायचं, राक्षसाने देवाला कसं डिवचायचं, हे नट उभ्या उभ्या रचत जातो. पेटीवाला त्याच्या तोंडाकडे बघून सूर धरतो. पहाटेपर्यंत हे चालतं.

आणि समोर, बायकापोरांच्या बैठकीच्या मागे, तिपायांवर मोबाईल लावलेले असतात. एखाद्याने साउंडवाल्याशी बोलून मिक्सरमधून वायर घेतलेली असते, म्हणून त्याचा आवाज स्वच्छ येतो. नाटक थेट प्रक्षेपित होतं. विरार, डोंबिवली, मस्कत, दुबई इथून शाबासकी येत राहते. पहाटे नट रंग उतरवतात, ट्रंका टेम्पोत चढतात, कारण रात्री पुढच्या गावात पुन्हा उभं राहायचं असतं. मंडळाला मिळालेलं मानधन त्या एका रात्रीचं. व्हिडिओ मात्र पुढची कित्येक वर्षं जाहिराती दाखवत राहतो.

इथे कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृती कुणाला म्हणायचं, तर जिचं रूप लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित झालेलं आहे तिला. दशावतार तर लिहिलेलाच नसतो. तो पहिल्यांदा निश्चित होतो तो कुणीतरी मोबाईलचं लाल बटण दाबतो तेव्हा. आणि कायद्याच्या भाषेत चित्रफितीचा कर्ता म्हणजे तिचा निर्माता, म्हणजेच ती तयार करण्यात पुढाकार घेणारा. पिढ्यान् पिढ्या जिभेवर घडत आलेल्या नाटकाची पहिली कागदोपत्री मालकी अशी तिपाईवाल्याकडे सरकते. त्यात त्या पोराचा काही डाव नसतो. बहुतेक वेळा तो नाटकवेडाच असतो आणि झोप मोडून, पेट्रोल जाळून आलेला असतो. गोची व्यवस्थेत आहे.

पण हाच कायदा नटाच्या बाजूनेही उभा आहे आणि ते आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ३८ खाली प्रयोग करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आला. त्या कायद्यातली प्रयोगकर्त्यांची यादी वाचताना मला दरवेळी बरं वाटतं: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, व्याख्यान देणारा, अगदी गारुडीसुद्धा तीत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने हा हक्क आणखी पक्का केला. प्रयोगकर्त्याच्या संमतीवाचून त्याच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करता येत नाही, खाजगी वापराचा अपवाद सोडून. व्यापारी वापरासाठी प्रयोग केला असेल तर रॉयल्टीवर त्याचा हक्क आहे. त्याचं नाव प्रयोगाला जोडलं जावं हाही हक्क आहे. मुदत ५० वर्षं. प्रयोगकर्त्यांच्या हक्कांविषयीच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला, त्यातही लोककलेचा प्रयोग करणाऱ्याला प्रयोगकर्ता मानलेलं आहे. म्हणजे संहिता नसली, आख्यान पुराणातलं असलं, तरी त्या रात्री त्या नटाने जे उभं केलं ते त्याचं आहे. ‘पुराण कुणाच्या बापाचं नाही’ हे वाक्य खरं आहे, पण ते फक्त पुराणाला लागू पडतं.

एक बुजुर्ग नट एकदा मला म्हणाले, “व्हिडिओ घाल रे बाबा, पण खाली आमचा नाव तरी लिव.” पैशांचा विषय त्यांनी काढलाच नाही. लोककलेतला माणूस मागून मागून नाव मागतो आणि आपण तेही देत नाही. तीन मिनिटांचा तुकडा कापायचा, मंडळाचं नाव दिसतं तो पडदा चौकटीबाहेर घालवायचा, कोपऱ्यात आपल्या चॅनलचं चिन्ह लावायचं आणि ‘कोकणची संस्कृती’ असा मथळा द्यायचा. राजा कोण, पेटीवर कोण, मंडळ कुठलं, याचा पत्ता नाही. याला मी चोरी म्हणेन, आणि इथे पैशांची गोष्ट अजून सुरूही झालेली नाही.

आता अवघड भागाकडे येतो. कोकणातला कलाकार स्वतःही उचल करतो. डबलबारीत बुवा रूपाचा अभंग गातो, गजर लावतो, गवळण म्हणतो. त्यातल्या कितीतरी रचना सिनेमाच्या गाण्यांच्या चालींवर बांधलेल्या असतात. जाखडीच्या, म्हणजेच शक्ती-तुऱ्याच्या, नाचात शाहीर नव्या सिनेमाची चाल महिन्याभरात उचलतो आणि तिच्यावर समोरच्या पार्टीला सवाल टाकतो. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल, ओळखीच्या चालीवर नवे, टोकदार शब्द आले की प्रेक्षागृह कसं उसळायचं. मग लोक विचारतात, तुम्ही सिनेमाच्या चाली घेणार आणि तुमचा व्हिडिओ कुणी घेतला तर तक्रार करणार, हे कसं?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर आपल्याच परंपरेत आहे. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल लिहिलेली असे: अमुक लावणीच्या चालीवर, अमुक कानडी पदाच्या चालीवर. शाहिरांच्या हातच्या वह्यांतही गाण्यावर चाल लिहितात. घेतलं आहे हे लपवलं जात नव्हतं, उलट तीच जाहिरात होती. आणि रचनेच्या शेवटी नाममुद्रा. अभंगात संताचं नाव, नाचाच्या गाण्यात शाहिराचं आणि त्याच्या गुरूचं. वर कुणाकडून घेतलं ते सांगायचं, शेवटी कुणी घातलं ते सांगायचं. कायद्यात लेखकाच्या नैतिक हक्कांचं कलम १९५७ साली आलं. आपल्याकडे वहीत पद उतरवून घेणारी साधी माणसंही ते त्याआधीपासून पाळत होती. या रीतीत उसनवारीला जागा आहे, लबाडीला नाही. चाल घेऊन बुवाने तिच्यात स्वतःचे शब्द, स्वतःचा भाव, स्वतःचा गळा घातलेला असतो. दुसऱ्याचं भजन उचलून त्यावर फक्त आपलं चिन्ह डकवणाऱ्याने काय घातलं?

पण यंत्राला हा फरक कळत नाही. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे. मोठ्या कंपन्या आपली गाणी तिच्यात आधीच जमा करून ठेवतात. नवा व्हिडिओ चढला की यंत्र तो त्या साठ्याशी ताडून पाहतं, आणि नुसता सूर जुळला तरी दावा लागू शकतो. दावेदाराला व्हिडिओ बंद करता येतो, नुसतं लक्ष ठेवता येतं किंवा त्याचं उत्पन्न आपल्याकडे वळवता येतं. तीन तासांच्या डबलबारीत चार मिनिटांचा गजर सिनेमाच्या चालीवर असला तरी अख्ख्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जाऊ शकतात. रात्रभर पखवाज वाजवणाऱ्याची बोटं सुजतात आणि पैसे मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या खात्यात. उलट बाजूने बुवाच्या भजनाची कुणी नक्कल चढवली तर बुवाकडे तसलं यंत्र नाही. ती सोय मोठा साठा आणि पक्के हक्क असणाऱ्यांनाच मिळते. बुवाने एकेक व्हिडिओ हाताने शोधायचा, एकेक फॉर्म भरायचा. ९० दिवसांत हक्कभंगाचे तीन स्ट्राइक, म्हणजे ताकिदी, बसल्या तर चॅनल बंद होऊ शकतं, हे भय मात्र लहानमोठ्या सगळ्यांना सारखंच.

कायद्यातही ही फट आहे. जुन्या गाण्याची नवी ध्वनिफीत काढायची तर २०१२ पासून कलम ३१ सी आहे. मूळ ध्वनिमुद्रण निघून पाच वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी आगाऊ भरून कुणालाही ते गाणं पुन्हा गाता येतं. पण किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, शब्दांत बदल चालत नाही आणि सोय फक्त ध्वनिफितीपुरती आहे, चित्रफितीला नाही. डबलबारीचा सगळा जीव शब्द बदलण्यात. म्हणजे जी एक वाट कायद्याने ठेवली आहे तीवरून आपला बुवा चालूच शकत नाही. दुसरीकडे कलम ५२ म्हणतं की खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं सादर केलं तर तो हक्कभंग नव्हे. देवळात गजर म्हणणारा बुवा निर्धोक आहे. त्याच गजराचा व्हिडिओ मुंबईच्या भावासाठी नेटवर चढवला की यंत्राच्या लेखी तो गुन्हेगार.

‘चित्रणच बंद करा’ म्हणणाऱ्यांना मी कॅसेटची आठवण करून देईन. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भजनं घराघरांत पोचली. गाणाऱ्याला एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घ्यायचे, अशी तेव्हा धंद्याची सर्रास रीत होती. २०१२ पर्यंत सिनेमाचे गीतकार-संगीतकारही याच जात्यात भरडले जात होते. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तो विषय लावून धरला, आणि त्या दुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीचा हिस्सा लिहून घेतला तरी जाणार नाही असा झाला. पण त्याआधीच्या कॅसेटांचं काय? कोकणातल्या पावसाळ्यात कॅसेट उघडून पाहा. फितीवर पांढरी बुरशी धरलेली असते. टेपमध्ये घातली की आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो, मग फीत रुळाला चिकटते आणि तुटते. कापसाने एकेक वीत पुसून, ती संगणकावर उतरवून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या कष्टांमुळे काही गेलेल्या बुवांचे गळे आज ऐकायला मिळतात. कायद्याने ध्वनिमुद्रणाची मुदत ६० वर्षं आहे. १९८५ च्या कॅसेटवरचा हक्क २०४५ च्या अखेरीपर्यंत चालतो. कोकणातली फीत तोवर टिकत नाही. हक्क राहील आणि गाणं जाईल, असा हा प्रकार. म्हणून परवानगी न घेता जुनी भजनं उतरवून विनामूल्य ठेवणाऱ्या माणसाला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याने त्यावर जाहिराती लावल्या तर मात्र बुवाच्या मुलाबाळांनी हिस्सा मागावा आणि आपण सगळ्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं.

बंदीने काय होतं हे जगाने पाहिलं आहे. १९९९ मध्ये गाण्यांच्या फाइल फुकट वाटणारं नॅपस्टर आलं, २००१ मध्ये कोर्टाने ते बंद पाडलं आणि फाइल वाटणं दुप्पट जोराने चालू राहिलं. महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्या जोडीला व्हिडिओ पायरेट घालून स्थानबद्धतेच्या कायद्याचा बडगा उगारला. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं तुरुंग आणि किमान ३ लाख रुपये दंड ठरवला. मधल्या काळात आपल्याकडे बाजारपेठेतल्या मोबाईलच्या दुकानात गाणी-सिनेमांनी मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा चालला तो चाललाच. त्याला उतरती कळा लागली ती पोलिसांमुळे नव्हे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरून घ्यायची गरजच संपली. सोपी आणि स्वस्त वाट मिळाली की बहुतेक माणसं तीच धरतात. तो प्रश्न सुटला. पण त्या स्वस्त वाटेवरचा टोल कुणी गोळा करायचा आणि त्यातलं कलाकाराला काय, हा प्रश्न तसाच राहिला.

पुस्तकांचं थोडक्यात सांगतो, कारण ते याच वादात ओढलं जातं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून एक प्रत अनेकांना वाचायला देतं आहे. तेही वाटणंच आहे आणि ते समाजाला हवंच. पण जिवंत लेखकाचं गेल्या महिन्यात आलेलं पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅपच्या चाळीस गटांत टाकणं हे वाचनालय नव्हे. मराठीत हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. तिथे ही दानत लेखकाच्या खिशातून केलेली असते.

आता दुसऱ्या तटाचा सर्वात दमदार मुद्दा. व्हिडिओमुळे प्रसिद्धी होते, सुपाऱ्या वाढतात, मग पैसे कशाला हवेत? यात तथ्य आहे. मुंबईतला चाकरमानी नाटक मोबाईलवर बघतो, गणपतीत गावी आला की त्याच मंडळाचं नाव सुचवतो. काही तरुण नटांना व्हिडिओनेच ओळख दिली आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. संकासुराचा विनोद लोकांनी आधी मोबाईलवर ऐकलेला असतो. जत्रेत तो नट तेच वाक्य घेतो आणि हशा येत नाही. ट्रिकसीनचं नाटक असेल तर राक्षस कुठून प्रकट होतो हे पोरांना पाठ असतं. जत्रेची समिती म्हणते, हे बघितलेलं आहे, नवीन काहीतरी द्या. उत्स्फूर्त कलेला नव्याचा खर्च असतो. जो विनोद पूर्वी पन्नास गावांना पुरायचा तो आता एका रात्रीत शिळा होतो. हे नुकसान खरं आहे. ते कुठल्याच हिशेबात धरलेलं नसतं. शिवाय प्रसिद्धी हाच मोबदला असेल तर तो चॅनलवाल्यालाही पुरायला हवा. तो तर जाहिराती लावतो.

आकड्यांत बोलू. यूट्यूबवर जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं. दशावतारी नाटक तीन तासांचं धरलं तर साडेतेराशे पूर्ण प्रेक्षणांत ते तास भरतात. तुकडे तुकडे बघणारे धरले तरी लोकप्रिय मंडळाला हे मुळीच अशक्य नाही. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात. म्हणजे कंपनी स्वतःचा हिस्सा उघडपणे ठरवून घेते, चॅनलवाल्याचा हिस्सा उघडपणे ठरवून देते. या साखळीत ज्याचा हिस्सा कुठेच लिहिलेला नाही तो फक्त रंग लावून उभा राहिलेला माणूस.

तो लिहून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नाटकाची सुपारी ठरते तेव्हा आजही तारीख, आख्यान, मानधन, जेवणखाण, ट्रंकांची सोय हे सगळं बोललं जातं. त्याच कागदावर चित्रणाच्या चार ओळी यायला हव्यात. चित्रण कोण करणार त्याचं नाव. थेट प्रक्षेपण चालेल की नाही, आणि पूर्ण नाटक किती महिन्यांनी चढवायचं. माझ्या मते हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मे सरेपर्यंत, पूर्ण नाटक चढूच नये. व्हिडिओखाली मंडळाचं आणि प्रत्येक नटाचं, वादकाचं नाव. आणि उत्पन्न झालं तर निम्मं मंडळाला. प्रेक्षकांनी आपल्या फोनवर चार मिनिटं टिपली, घरच्यांना पाठवली, तर त्याला कुणी हात लावू नये. मिक्सरमधून वायर मात्र ज्याने कागदावर सही केली त्यालाच. एवढी एक गोष्ट साउंडवाल्याने पाळली तरी निम्मा प्रश्न सुटेल, कारण खराब आवाजाचं दशावतार कुणी तीन तास बघत नाही.

हे समित्यांनी करायचं आहे, कारण मंडळ गावाच्या मांडवात पाहुणं असतं. मानकऱ्यांसमोर वाद घालायचा नटाला संकोच वाटतो, आणि कॅमेरावाला बहुतेकदा गावातलाच कुणाचा तरी पुतण्या-भाचा असतो. समितीने आधीच सांगितलं तर कुणाचं मन दुखायचं कारण नाही. मुंबईच्या मंडळांवर तर जास्तच जबाबदारी आहे. तिकीट लावून डबलबारी ठेवणारे, प्रायोजकांचे फलक लावणारे आयोजक चित्रणाचे हक्क परस्पर कुणाला देऊन टाकतात तेव्हा बुवाला विचारलं जातं का? कलम ३८ प्रमाणे विचारायलाच हवं.

मंडळांनीही बदलायला हवं आणि इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. माइकवरून ‘चित्रण करू नका’ सांगायचं आणि स्वतःचं चॅनल काढायचं नाही, हे किती दिवस चालेल? टाळेबंदीच्या काळात जत्रा बंद होत्या, नटांच्या चुली थंड होत्या, आणि जुने व्हिडिओ घरात बसलेली माणसं बघतच होती. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथे साठवलेले तुकडे एका रात्रीत गेले. परक्याच्या अंगणात ठेवलेल्या सामानाचं हे असंच होतं. मंडळात एखादा पंचवीस वर्षांचा पोरगा असतोच, त्याच्याकडे हे काम द्या. नाटकांची तारीखवार नोंद ठेवा, नटांची नावं लिहा, मूळ चित्रण स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा. चॅनलवर मोठं आख्यान उशिरा येऊ दे, पण रंग लावतानाची पाच मिनिटं, पेटीवाल्याचा रियाज, बुजुर्गांची मुलाखत हे लगेच द्या. त्याला प्रेक्षक आहे. थेट प्रक्षेपणाच्या वेळी कोपऱ्यात मंडळाचा क्यूआर कोड लावा. जत्रेत आजोबा खूश होऊन नटाच्या हातात दहाची नोट देतात, मस्कतच्या नातवालाही ते करायचं असतं. त्याला वाट द्या.

लोककलेच्या रक्षणाची गोष्ट निघाली की भौगोलिक मानांकनाचं नाव पुढे येतं. त्याने नावाचं रक्षण होतं. २०१८ मध्ये आपल्या हापूसला ते मिळालं, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये. तरी वारलीची माणसं आज कपांवर, चादरींवर, भिंतींवर नाचताना दिसतात, आणि त्यातली किती पालघरच्या पाड्यांवरच्या हातांनी काढलेली असतात? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीचंही, म्हणजे पोथीतली चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेचंही, तेच होऊ शकतं. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, देशाला ठाकर समाजाची ही कला कळली, याचा सगळ्यांना आनंद आहे. जुन्या पोथ्यांतली चित्रं शतकांपूर्वीची, त्यांवर कुणाचाच कॉपीराइट उरलेला नाही आणि उरूही नये. पण त्या पोथीसमोर बसून आज कथा सांगणाऱ्याचा आवाज आजचा आहे. त्याच्या प्रयोगावर त्याचा हक्क ५० वर्षं आहे. मानांकनाच्या मागे धावताना हातात असलेला हा हक्क आपण वापरतच नाही.

सरकारकडे आणि खासदारांकडे मागायचं ते नेमकं मागावं. अनुदानाची मागणी दरवेळी होते, तिचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कायद्यात तीन गोष्टी हव्यात. लोककलेत शब्द बदलून चाल वापरण्यासाठी लहानशा ठरावीक रकमेचा परवाना, चित्रफितीलाही लागू असणारा. देवळातल्या भजनाला असलेली सूट त्याच भजनाच्या बिगर-जाहिरातीच्या व्हिडिओलाही. आणि यंत्राने लावलेल्या दाव्यात उत्पन्नाची वाटणी मिनिटांच्या प्रमाणात: चार मिनिटांच्या चालीचे चार मिनिटांपुरते, बाकीचे गाणाऱ्याचे. हे अवघड आहे, वेळ लागेल, असं सांगितलं जाईल. त्यांना १९९१ सालची आठवण द्यावी. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क त्या वर्षाच्या शेवटी संपणार होता. तेव्हा मुदत निधनानंतर ५० वर्षांची होती. वर्ष सरायच्या आत वटहुकूम निघाला, १९९२ मध्ये कायदा झाला आणि मुदत देशातल्या सगळ्या लेखकांसाठी ६० वर्षांची झाली. संसदेला जे करायचं असतं ते ती करते.